विजेच्या स्कूटरची कुळकथा

(नभोवाणीवरील भाषण)

विजेवर चालणारी स्कूटर ही चारदोन वर्षांची नवलाई आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. दुकानाच्या दर्शनी भागांत ती अशी लखलखीत उभी असते कीं, हिलाही आजा-पणजा असेल हें मनांत येऊं नये. पण वस्तुस्थिति अशी आहे कीं, हिचें कूळ पेट्रोलच्या मोटारीहूनही थोडें जुनें आहे. कार्ल बेंझनें आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला तो १८८६ सालीं. त्याच्या पांच वर्षें आधीं, १८८१ च्या एप्रिल महिन्यांत, पॅरिसच्या रू द व्हाल्वा या रस्त्यावरून गुस्ताव्ह त्रूव्हे नांवाचा फ्रेंच संशोधक विजेच्या ट्रायसिकलवर बसून गेला होता. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें आयर्टन आणि पेरी या दोन प्राध्यापकांनीं तशीच एक ट्रायसिकल चालविली. तिच्यावर विजेचे दोन लहान दिवेही होते, आणि वेग कमी-अधिक करावयाचा तर तीवरील विद्युत्‌घट एकामागून एक जोडीत किंवा सोडवीत. १८९५ च्या ३१ डिसेंबरला ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाला ज्या दुचाकीचें पेटंट मिळालें, तिची मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यांतच बसविलेली होती. आज आपल्या रस्त्यांवरून धांवणाऱ्या कितीतरी विजेच्या स्कूटरांची मोटर तशीच चाकाच्या तुंब्यांत असते.

तेव्हां मोटरीचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींच सुटलेला होता. अडचण होती ती वीज बरोबर वाहून नेण्याची. म्हणूनच विजेच्या गाडीचा इतिहास हा मुख्यतः तिच्या पेटीचा, म्हणजे बॅटरीचा इतिहास आहे. गाडीचे गुण, तिचे धोके आणि तिची राखण कशी करावी याचे नियम, हे पुष्कळसे त्या पेटींतूनच निघतात. ज्याच्या घरीं अशी गाडी आहे, किंवा येऊं घातली आहे, त्यानें हा वृत्तांत थोडा ऐकून घ्यावा, एवढ्यासाठीं आजचा विषय निवडला आहे.

पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला विद्युत्‌घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केला. सौम्य गंधकाम्लांत बुडविलेले शिशाचे पत्रे, एवढाच त्याचा संसार. १८८१ सालीं कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ति काढली आणि हा घट कारखान्यांतून बनूं लागला. आपल्या घरोघरच्या इन्व्हर्टरमध्यें आजही बहुधा त्याचाच वंशज बसलेला असतो. तो स्वस्त आहे, सोशिक आहे, पण विलक्षण जड आहे. एक किलो वजनाच्या शिशाच्या बॅटरींत तीस-चाळीस वॅट-तास एवढीच वीज मावते. आजच्या स्कूटरला एका दमांत शंभरएक किलोमीटर जावयाचें तर सुमारें तीन युनिट वीज लागते. तेवढी वीज शिशाच्या पेट्यांत भरावयाची तर ऐंशी-पंचाऐंशी किलोंचें ओझें होईल, म्हणजे आणखी एक धट्टाकट्टा माणूसच कायमचा पायाशीं बसवावा लागेल.

या ओझ्यानें विजेच्या गाडीचा पहिला डाव हरविला. १९०० सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकीं १,५७५ विजेच्या होत्या, आणि पेट्रोलच्या हजाराच्याही आंत होत्या. पण १९०८ सालीं फोर्डची ‘मॉडेल टी’ आली, आणि १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगनें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसला. दांडा फिरवून इंजिन चालू करण्याचे कष्ट, आणि त्यांत मनगट मोडून घेण्याची भीति, दोन्ही संपलीं. विजेच्या मोटारीला अखेरचा धक्का विजेनेंच द्यावा, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणावयाचा! आपल्याकडे वीज वाहतुकींत यशस्वी झाली ती तारेंतून आली तेव्हां. मुंबईंत १९०७ च्या ७ मेला विजेची ट्राम धांवूं लागली, १९२५ च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी सुटली. त्या गाड्यांना वीज पाठीवर वाहावी लागली नाहीं. बॅटरीवाल्यांनीं मात्र हार मानण्यापूर्वीं पुष्कळ युक्त्या केल्या. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीनें १९१० ते १९२४ या काळांत मालवाहू गाड्यांची रिकामी बॅटरी काढून घेऊन भरलेली देण्याची सोय चालविली होती. तैवानमध्यें २०१५ सालापासून गोगोरो कंपनीच्या स्कूटरांसाठीं हीच सोय आहे, आणि ती पाहून लोक तोंडांत बोटें घालतात.

मध्यंतरींच्या काळांत विजेची दुचाकी टंचाईच्या दिवसांत तेवढी वर डोकें काढी. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां बेल्जममध्यें सोकोवेल या कंपनीनें विजेची मोटरसायकल बनविली. युद्ध संपलें, पेट्रोल आलें, तशी ती मागें पडली. १९४६ सालीं इटलींत व्हेस्पा जन्मली आणि पुढचीं पन्नास वर्षें स्कूटर म्हटली कीं पेट्रोलचीच. १९९० नंतर चीनच्या मोठमोठ्या शहरांनीं धुरामुळें पेट्रोलच्या दुचाकींवर बंधनें घातलीं, आणि तेथें शिशाच्या बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकींचा सुळसुळाट झाला. त्याच वळणाच्या हलक्या गाड्या नंतर आपल्याकडेही आल्या. २५० वॅटहून कमी शक्तीची आणि ताशीं २५ किलोमीटरहून अधिक न धांवणारी विजेची दुचाकी आपल्या नियमांप्रमाणें मोटारवाहन ठरत नाहीं; तिला नोंदणी नाहीं, चालकाला परवाना नाहीं. ही सवलत तिच्या मंदगतीबद्दल आहे, हें विसरून तिची वेगमर्यादा काढून घेणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचे ब्रेक, चाकें आणि सांगाडा मात्र पंचवीसच्याच हिशेबाचे राहतात.

आतां लिथियमकडे वळूं. लिथियम हा सर्वांत हलका धातु, आणि वीज सांठविण्यास अत्यंत उत्सुक. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनीं त्याचा घट करून दाखविला. पण शुद्ध लिथियम धातु वापरला म्हणजे घट भरतांना त्याचे सुयांसारखे तंतू वाढतात आणि ते मधला पातळ पडदा भेदून पलीकडे टेकतात. मग आंतल्या आंत विजेचा मार्ग जुळतो व आग लागते. १९८९ सालीं कॅनडांत तयार झालेले असे घट जपानांतील फिरत्या टेलिफोनांत पेटल्यामुळें परत मागवावे लागले होते. दरम्यान १९८० सालीं जॉन गुडइनफ यांनीं ऑक्सफर्ड येथें कोबाल्टचें संयुग पुढें आणलें, १९८५ सालीं अकिरा योशिनो यांनीं जपानांत लिथियम धातूच्या जागीं कार्बन योजून घट निर्धास्त केला, आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला. या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. शिशाच्या चौपट-पांचपट वीज तेवढ्याच वजनांत मावूं लागली, आणि शंभर वर्षें अडून बसलेली दुचाकी चालूं लागली.

निर्धास्त हा शब्द मीं वापरला खरा, पण तो तुलनेनें घ्यावयाचा. आजही त्या घटांत ज्वालाग्राही द्रव असतो आणि दोन विरुद्ध अग्रांच्या मध्यें केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. घट चेपला, प्रमाणाबाहेर भरला किंवा अतिशय तापला, कीं आंत अशी प्रक्रिया सुरू होते जी स्वतःच उष्णता निर्माण करते व त्या उष्णतेनें अधिक वेग घेते. एक घट शेजारच्या घटाला पेटवितो. १९९७ सालीं गुडइनफ यांच्याच सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेला लोह-फॉस्फेटचा घट या बाबतींत पुष्कळ शांत स्वभावाचा आहे. त्यांत वीज मात्र जरा कमी मावते. नवी गाडी घेतांना तिची पेटी कोणत्या रसायनाची आहे, हा प्रश्न रंगाच्या आधीं विचारावा.

येथें एक गोष्ट थोड्या विस्तारानें सांगतों, कारण तिच्या अज्ञानानें पुष्कळ नुकसान होतें. आपल्या लोकांना बॅटरीची संवय लागली ती भारनियमनाच्या वर्षांत, इन्व्हर्टरच्या निमित्तानें. शिशाच्या बॅटरीला उपास सोसत नाहीं. रिकामी पडून राहिली कीं तिच्या पत्र्यांवर कठीण पुटें चढतात व ती निकामी होते. म्हणून ती सदैव भरलेली ठेवावी, अधूनमधून शुद्ध पाणी घालावें, हा पाठ घरोघरीं मुखोद्गत झाला. लिथियमची रीति निराळी. तिला भरपेट अवस्थेंत, त्यांतून वैशाखाच्या उन्हांत, तिष्ठत ठेवलें कीं ती झिजते. रोजच्या जाण्यायेण्याला तिची मात्रा वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राखावी. दूर जावयाचें असेल त्याच दिवशीं पूर्ण भरावी. लोह-फॉस्फेटच्या पेटीला मात्र निर्माता सांगेल त्या अंतरानें पूर्ण भरणें आवश्यक असतें, नाहींतर आंत वीज किती उरली याचा तिच्या मापकाला अंदाज राहत नाहीं. महिनाभर गांवीं जाणाऱ्यानें पेटी निम्मी भरून, सावलींत ठेवून जावें. अगदीं रिकामी टाकून जाऊं नये. कारण गाडी उभी असतांही आंतील नियंत्रक यंत्र थेंबाथेंबानें वीज खातच असतें. अशी तळाशीं गेलेली पेटी जबरदस्तीनें भरणें धोक्याचें आहे.

२०२२ सालच्या वसंतांत या पेट्यांनीं देशाची झोंप उडविली. मार्च महिन्यांत पुण्यांत लोहगांव येथें रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूंत वेल्लोर येथें घरांत रात्रीं भरावयास लावलेल्या स्कूटरनें पेट घेतला आणि बाप व लेक, दोघेंही धुरांत गुदमरून मरण पावलीं. केंद्र सरकारनें चौकशी केली व ऑगस्टमध्यें बॅटरीचे नियम कडक केले. घटांमध्यें पुरेसें अंतर असावें, एक घट पेटला तरी आग पसरण्यापूर्वीं चालकाला सूचना मिळावी, पेटी भरतांच चार्जरनें आपोआप थांबावें, अशीं हीं कलमें १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालीं. जुन्या गाडीचा सौदा करतांना ती या तारखांच्या अलीकडची कीं पलीकडची हें अवश्य पाहावें. न्यूयॉर्क शहरांत २०२३ या एका वर्षांत लिथियम बॅटरीच्या आगींनीं १८ जीव घेतले. तेथेंही पुष्कळ गाड्या राहत्या घरांत भरल्या जात होत्या.

या दुर्घटनांत आगीइतकाच घातक ठरतो तो धूर, आणि त्याहून घातक ठरते ती गाडी उभी करण्याची जागा. आपल्या वाड्यांतून व चाळींतून स्कूटर लावण्याची हक्काची जागा म्हणजे जिन्याखालची. तेवढीच एक जागा तिला वर्ज्य आहे. तेथें आग लागली तर वरच्यांना उतरावयास वाट राहत नाहीं. गाडी मोकळ्या हवेंत, निदान दारापासून व जिन्यापासून दूर भरावी. काढतां येण्याजोगी पेटी वर नेऊन पलंगाखालीं किंवा कपड्यांच्या राशीजवळ भरूं नये. भरण्यासाठीं जमिनीशीं अर्थिंग केलेलें, सोळा अँपिअरचें तीन भोकांचें सॉकेट हवें; खिडकींतून सोडलेली लोंबती वायर नको. चार्जर गाडीबरोबर आला तोच वापरावा. पिनेला पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असें नव्हे. दाब निराळा असेल तर पेटी प्रमाणाबाहेर भरते. उन्हांतून आलेली गाडी अर्धा-पाऊण तास निवूं द्यावी, मग लावावी. आणि होईल तेवढें जागेपणीं भरावी. पेटी फुगलेली दिसली, गोडसर उग्र वास आला, किंवा सुरसुर आवाज झाला, तर तिची परीक्षा करीत बसूं नये. माणसें बाहेर काढावीं आणि अग्निशामक दलाला बोलवावें.

आतां रस्त्यावरच्या वागणुकीकडे येऊं. चेतक ही स्कूटर १९७२ सालीं आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून निघाली, तिच्या मालकांची एक पिढी अजून आपल्यांत आहे. सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं कीं ती एका अंगावर कलती करावयाची, मग किक मारावयाची, प्लग काढून घासावयाचा, हा त्यांचा नित्यविधि. ती गाडी रोज कुरकुरे, म्हणून मालकाचें तिच्याकडे रोज लक्ष जाई. जानेवारी २०२० मध्यें त्याच नांवाची विजेची स्कूटर पुणें व बंगळूर येथें विक्रीला आली. माझ्या मतें तिचा, आणि तिच्या सर्व बहिणींचा, सर्वांत मोठा दोष हाच कीं त्या कुरकुरत नाहींत. प्लग नाहीं, तेल नाहीं, तेव्हां पाहावयाचें तरी काय, असें मालकाला वाटतें. पण बॅटरीच्या वजनानें टायरवरचा भार वाढलेला असतो. हवा आठवड्यास एकदां तपासावी. मोटर स्वतःच गाडीचा वेग आवरून ती वीज पेटींत परत घालते, त्यामुळें ब्रेक कमी वापरला जातो आणि पावसाळ्यांत त्याच्या तबकडीवर गंज चढतो. दर महिन्यास रिकाम्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक दाबून पाहावे.

वेग आवरण्याच्या या शक्तीविषयीं आणखी एक बारकावा आहे, आणि घाटांत राहणाऱ्यांनीं तो लक्षांत ठेवावा. पेटी पूर्ण भरलेली असली कीं परत येणारी वीज घ्यावयास तिच्यांत जागा नसते. मग मोटरीचा आवर ढिला पडतो. पांचगणीस रात्रीं शंभर टक्के भरलेली गाडी सकाळीं पसरणीच्या घाटानें वाईस उतरूं लागली, तर कालच्यासारखी ती स्वतःहून मंदावणार नाहीं. सारा भार ब्रेकवर येईल. वर राहणाऱ्यानें उतरणीच्या दिवशीं पेटी थोडी उणी ठेवावी. भारतांत २०१९ च्या एप्रिलपासून लहान दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकदम लागतील अशी व्यवस्था सक्तीची झाली आहे, ती अशा वेळीं उपयोगीं पडते.

ही गाडी मुकी आहे, हें तर सर्वांना ठाऊकच आहे. पण त्याचा अर्थ असा कीं, रस्ता ओलांडणारी आजीबाई तुमच्या येण्याची चाहूल कानानें घेऊं शकत नाहीं. तिच्या वांट्याची सावधगिरीही तुम्हांलाच बाळगावी लागते. शिवाय विजेच्या मोटरीचा जोर शून्य वेगापासूनच पुरा असतो. गाडी सुरू आहे कीं बंद, हें आवाजावरून कळत नाहीं. उभी आहे असें समजून हातानें ढकलतांना मूठ पिळली जाते आणि गाडी भिंतीवर जाते. उतरण्यापूर्वीं किल्ली बंद करावी. अंगणांत खेळणाऱ्या मुलाला चालू गाडीच्या मुठीशीं उभें करूं नये.

शिरस्त्राणाविषयीं बोललों नाहीं तर विषय अपुरा राहील. मे १९३५ मध्यें ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडला आणि डोक्याच्या जखमेनें सहा दिवसांनीं वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूनें त्यांच्या मनांत घर केलें. त्यांनीं सैन्यांतील मोटरसायकलस्वारांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ सालीं निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. ब्रिटनमधील नागरिकांना तें सक्तीचें होण्यास १९७३ साल उजाडलें. आपल्या १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत तें चालकाला आणि मागें बसणाऱ्याला, दोघांनाही सांगितलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें पुण्यांत या सक्तीविरुद्ध निदर्शनें झालीं. पुणेकरांच्या युक्तिवादाला तोड नाहीं हें मान्य करूनही मी म्हणेन कीं, डांबरी रस्ता युक्तिवाद ऐकत नाहीं.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. बहुतेक चांगल्या पेट्या मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडाल्या तरी आंत पाणी शिरूं नये अशा कसोटीस उतरलेल्या असतात. ती कसोटी नव्या रबरी बंदांची असते. पांच वर्षें उन्हांत तापलेल्या बंदांची नव्हे. पुराच्या पाण्यांत उभी राहिलेली गाडी सुरू करूं नये, भरावयासही लावूं नये, कारागिराला दाखवावी. जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुणेंही टाळावें.

आणि अखेर जुन्या झालेल्या पेटीचें काय करावें? शिशाची बॅटरी भंगारवाल्याकडे नेली तर पैसे मिळतात. शिसें वितळवून पुन्हां वापरण्याचा धंदा जुना आहे. लिथियमच्या पेटीला त्या दुकानांतला हातोडा लागतां कामा नये. ऑगस्ट २०२२ मध्यें निघालेल्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनीं ती परत घेऊन तिची वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती कोठें आणि कोणी परत घ्यावयाची, हें गाडी खरेदी करतांनाच विक्रेत्याला विचारून पावतीच्या पाठीवर लिहून घ्यावें.